हरभऱ्याची मर आणणारी बुरशी आणि समुद्री कासव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना समुद्र भेटतो तो सुट्टीत, कोकणात गेल्यावर. हरभऱ्याची शेते मात्र देवासच्या किंवा महूच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना दिसू लागतात. शेतातली बुरशी आणि समुद्रातले कासव यांची तुलना करायची असे म्हटले की विद्यार्थी गोंधळतात, पालक चक्रावतात, आणि ज्यांची गावाकडे थोडीफार जमीन आहे ते वेगळेच, पण फार नेमके प्रश्न विचारतात. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

इतक्या वेगळ्या दोन सजीवांची तुलना करण्यात अर्थ तो काय?

वाघ आणि बिबट्या यांची तुलना केली तर आपण अंगावरचे पट्टे आणि ठिपके पाहून थांबतो. बुरशी आणि कासव समोरासमोर ठेवले की बाह्यरूपात साम्य काही उरतच नाही, आणि मग मूळ प्रश्नांकडे वळावे लागते : हा जीव किती जगतो, किती संतती निर्माण करतो, संकट आले तर काय करतो, आणि त्याची संख्या घटली तर ती पुन्हा भरून यायला किती काळ लागतो. आम्हाला ही तुलना मोलाची वाटते ती आणखी एका कारणासाठी. हे दोन जीव केवळ कागदावर शेजारी येत नाहीत. बुरशीच्या याच प्रजातीतल्या काही जाती समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत कासवांची अंडी नासवतात, हे गेल्या काही वर्षांत सिद्ध झाले आहे.

नेमकी कोणती बुरशी आणि कोणते कासव येथे अभिप्रेत आहे?

बुरशी म्हणजे फ्युझेरियम. ही एक मोठी प्रजाती असून तिच्यात अनेक जाती येतात. त्यांपैकी फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमचे एक विशिष्ट रूप हरभऱ्यावर मर रोग आणते. माळव्यातले शेतकरी त्याला उकठा म्हणतात. कासव म्हणजे हॉक्सबिल, शास्त्रीय नाव इरेटमोकेलिस इम्ब्रिकाटा. त्याचे तोंड पुढे निमुळते होत ससाण्याच्या चोचीसारखे वळलेले असते, पाठीवरच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढलेल्या असतात, आणि प्रवाळांच्या खाचाखोचांतले स्पंज हे त्याचे मुख्य अन्न आहे. भारतात ते प्रामुख्याने अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथे आढळते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, लाल यादीत ते 1996 पासून ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे.

बुरशी ही वनस्पतीच ना? मग तिची तुलना प्राण्याशी कशी?

बुरशी वनस्पती नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांमुळे हा समज अजून टिकून आहे. बुरशीत हरितद्रव्य नसते, ती स्वतःचे अन्न तयार करत नाही, आणि तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजऐवजी प्रामुख्याने कायटिन असते, जे कीटकांच्या आणि खेकड्यांच्या बाह्यकवचातही सापडते. जनुकीय पुराव्यावरून बुरशी आणि प्राणी हे एकाच मोठ्या शाखेचे दोन फाटे ठरतात आणि वनस्पती त्यांच्यापासून आधीच वेगळ्या झालेल्या दिसतात. म्हणजे हरभऱ्याच्या मुळात वाढणारी फ्युझेरियम नात्याने हरभऱ्यापेक्षा कासवाला अधिक जवळची आहे, जरी ते नाते सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचे असले तरी.

ही बुरशी झाडाला नेमकी मारते कशी?

मातीत पडून असलेला बीजाणू, म्हणजे बुरशीचा बीसारखा सूक्ष्म कण, हरभऱ्याच्या मुळांतून स्रवणाऱ्या द्रव्यांनी जागा होतो, त्याचा तंतू मुळात शिरतो आणि तेथून पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत पोहोचतो. नलिकांत तंतू वाढतात, झाडही बचावासाठी त्यांत डिंकासारखे पदार्थ सोडते, आणि या दोन्हींमुळे पाण्याची वाट बंद होते. बुरशीची विषारी द्रव्ये उरलेले काम करतात. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते, हे या रोगाचे खरे रूप आहे.

शेतात ओळखायचे असेल तर माना टाकलेले पण अजून हिरवे असलेले एखादे रोप मुळासकट उपटावे. मूळ बाहेरून बहुधा धड दिसते, कुजलेले नसते. मग धारदार चाकूने खोड बुंध्यापासून उभे चिरावे. मर असेल तर आतल्या पांढरट भागात काळपट तपकिरी रेघ वर चढत गेलेली दिसते. ही रेघ दिसली नाही तर रोप वाळण्याचे कारण दुसरे असू शकते. मूळकुज, उधई किंवा निव्वळ पाण्याचा ताण. आपल्याकडे पाने पिवळी दिसली की लगेच फवारणी करण्याची घाई होते, म्हणून ही तपासणी एवढ्या तपशिलाने सांगितली.

संतती निर्माण करण्याच्या बाबतीत दोघांत कोणता फरक आहे?

सगळ्यात मोठा फरक येथेच आहे. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमची लैंगिक अवस्था आजवर आढळलेली नाही; ती अलैंगिक बीजाणूंवरच चालते. काही बीजाणू लहान आणि अंडाकार असतात, काही लांबट व विळ्याच्या आकाराचे, आणि काही जाड भिंतीचे असतात. हे तिसरे सर्वांत चिवट. यजमान पीक नसले तरी ते जमिनीत सहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ तग धरतात. प्रयोगशाळेत बटाट्याच्या अर्कावर वाढवलेली बुरशी साधारण आठवड्याभरात सगळी काचपात्री व्यापते.

हॉक्सबिलची मादी वयात यायला वीस ते पस्तीस वर्षे, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यानंतर ती दर दोन-चार वर्षांनी किनाऱ्यावर येते, एका हंगामात काही घरटी करते, आणि प्रत्येक घरट्यात सरासरी 130 च्या आसपास अंडी घालते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि बहुतेक पहिल्या काही दिवसांतच खेकडे, पक्षी आणि मासे यांच्या तोंडी जातात. मोठे होणारे पिल्लू हजारात एखादेच, असा समुद्री कासवांबाबत सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो.

वरवर पाहता दोघेही भरमसाट संतती निर्माण करतात असे वाटेल, पण हिशेब उलटे आहेत. बुरशीचा एक तंतू मेला तर काहीच बिघडत नाही. कासवाच्या बाबतीत मात्र सगळी मदार प्रौढ मादीवर असते, कारण तिच्या दीर्घ आयुष्यात वर्षानुवर्षे घातलेल्या अंड्यांमधूनच एक-दोन पिल्ले तिची जागा घेण्याइतकी मोठी होतात. म्हणून जाळ्यात अडकून मेलेली एक प्रौढ मादी हे शेकडो अंडी गमावण्यापेक्षा मोठे नुकसान आहे. अंडी वाचवण्याचे फोटो आपल्याला भावतात, ते काम आवश्यकही आहे. परंतु समुद्रातले मरण थांबले नाही तर किनाऱ्यावरची सगळी मेहनत अपुरी पडते, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

बदलत्या परिस्थितीशी कोण लवकर जुळवून घेते?

निःसंशय बुरशी. टोमॅटोवर मर आणणाऱ्या फ्युझेरियमचा जनुकसंच, म्हणजे तिच्या सगळ्या आनुवंशिक माहितीचा मजकूर, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे सहा कोटी अक्षरांचा आहे, आणि त्यात काही गुणसूत्रे अशी निघाली की जी रोगकारकतेशी निगडित आहेत आणि बुरशीच्या एका वाणातून दुसऱ्या वाणात जाऊ शकतात. प्रयोगात निरुपद्रवी वाणाला असे गुणसूत्र मिळाल्यावर तो रोग आणू लागला. हिरव्या समुद्री कासवाचा जनुकसंच 2013 मध्ये वाचला गेला. तो सुमारे 220 कोटी अक्षरांचा, म्हणजे बुरशीच्या कित्येक पट मोठा आहे. मोठा जनुकसंच असला की जुळवून घेणे सोपे जाते असा काहींचा समज असतो, तो चुकीचा आहे. बदल पिढ्यांच्या वेगाने होतो, आणि कासवाची एक पिढी सरते तोवर बुरशीच्या हजारो होऊन जातात.

हॉक्सबिल कासव या अवस्थेला पोहोचले कसे?

मुख्यतः त्याच्या सुंदर पाठीमुळे. पिवळसर, तांबूस आणि काळ्या छटांच्या त्या पट्ट्यांपासून फण्या, डब्या, चष्म्याच्या चौकटी आणि दागिने बनत. 1844 ते 1992 या काळात या व्यापारासाठी सुमारे 90 लाख हॉक्सबिल मारली गेली असावीत, असा अंदाज 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात ही जाती 1977 मध्ये पूर्णपणे समाविष्ट झाली. जपानमधली मोठी आयात 1992 च्या अखेरीस थांबली. त्यात अंड्यांची चोरी, मासेमारीची जाळी, किनाऱ्यांवरची बांधकामे आणि प्रवाळांचा ऱ्हास यांची भर पडली. तीन पिढ्यांत 80 टक्क्यांहून अधिक घट, हा अतिसंकटग्रस्त ठरवण्यामागचा निकष आहे.

यादी कायमची नसते, हेही लक्षात ठेवावे. हिरवे समुद्री कासव कित्येक वर्षे ‘संकटग्रस्त’ होते. ऑक्टोबर 2025 मध्ये आययूसीएनने त्याला ‘किमान चिंता’ या वर्गात हलवले. घरट्यांचे आणि माद्यांचे दीर्घकाळ रक्षण केले तर परिणाम दिसतो, याचा इतका ठळक पुरावा दुसरा देता येणार नाही. हॉक्सबिलला मात्र तो पल्ला अजून गाठायचा आहे.

झाडांवरची बुरशी कासवाची अंडी मारते, हे खरे आहे का?

खरे आहे, पण ते नीट समजून घ्यावे लागेल. पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे द्वीपसमूहात बोआ व्हिस्ता नावाचे बेट आहे. तेथे लॉगरहेड या दुसऱ्या जातीच्या समुद्री कासवांच्या घरट्यांत अंडी मोठ्या प्रमाणावर नासत होती आणि कवचावर पिवळे, निळसर, राखाडी डाग पडत होते. संशोधकांनी त्या अंड्यांतून फ्युझेरियम वेगळी केली, तिची लागण निरोगी अंड्यांना करून पाहिली, आणि अशा अंड्यांतले सुमारे 83 टक्के गर्भ मेले. मेलेल्या अंड्यांतून तीच बुरशी पुन्हा मिळाली. हा अभ्यास 2010 चा. नंतर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून फ्युझेरियम फाल्सिफॉर्मे आणि फ्युझेरियम केराटोप्लास्टिकम या दोन जाती जगातल्या अनेक किनाऱ्यांवर आणि अनेक कासवांच्या अंड्यांवर असल्याचे समोर आले. एक्वादोरच्या किनाऱ्यावरच्या हॉक्सबिलच्या घरट्यांतही केराटोप्लास्टिकम सापडली.

या दोन जाती हरभऱ्याची मर आणणाऱ्या ऑक्सिस्पोरमहून वेगळ्या आहेत. त्या फ्युझेरियम सोलानी या जातीसमूहातल्या, ज्या समूहातले इतर सदस्य वाटाणा, घेवडा, बटाटा अशा पिकांची मुळे कुजवतात. प्रजाती एक, जाती निराळ्या, असे हे आहे.

आमच्या मते या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बुरशी वाळूत असली म्हणून प्रत्येक घरटे मरत नाही. भरतीचे पाणी वारंवार शिरणारी घरटी रोगाला अधिक बळी पडतात. अंडी उबण्याचे तापमान आणि या बुरशांच्या जोमदार वाढीचे तापमान जवळजवळ एकच आहे, त्यामुळे आधीच ताणाखाली असलेला गर्भ आणि अनुकूल हवा मिळालेली बुरशी एकाच खड्ड्यात येतात. शेतातही हेच घडते. जमीन अजून तापलेली असताना ऑक्टोबरमध्ये घाईने पेरलेला हरभरा, वर्षानुवर्षे त्याच रानात घेतलेले तेच पीक, आणि रोगाला बळी पडणारे वाण, एवढे जुळून आले की बुरशीला वेगळे काही करावे लागत नाही. रोग एकटी बुरशी घडवत नाही. ती बुरशी, तिचा यजमान आणि ती जागा हे तिघे मिळून घडवतात.

म्हणजे आमच्या माळव्याच्या शेतातली बुरशी वाहत जाऊन कासवांना बाधते का?

नाही, असा निष्कर्ष काढू नये. किनाऱ्यांवरच्या बुरशा तेथल्या वाळूत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आणि जुन्या घरट्यांच्या अवशेषांत टिकतात.

इंदूरचा समुद्राशी संबंध आहे तो दुसऱ्या वाटेने. शहरातून वाहणारी खान नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. म्हणजे राजवाड्याच्या मागून वाहणाऱ्या पाण्याचा शेवटचा मुक्काम बंगालचा उपसागर आहे. त्या पाण्यात टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा प्रवास लांबचा असला तरी दिशा तीच असते. आणि कासवांचे म्हणाल तर त्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावणाऱ्या चंबळेत पुढे लाल मुकुटाचे कासव राहते, आणि गोड्या पाण्यातले हे कासवही अतिसंकटग्रस्तच आहे.

मग घरट्यांवर बुरशीनाशक का फवारत नाहीत?

अंड्याचे कवच सच्छिद्र असते. त्यातून गर्भ श्वास घेतो आणि पाणी शोषतो. बुरशीला मारणारे रसायन त्याच वाटेने आत जाण्याचा धोका असतो, शिवाय वाळूतले उपकारक सूक्ष्मजीवही मरतात. म्हणून भर स्वच्छतेवर दिला जातो. हॅचरीत, म्हणजे अंडी आणून राखणीखाली पुरण्याच्या जागेत, पिल्ले बाहेर पडल्यावर कवचे आणि नासलेली अंडी काढून टाकतात, वाळू बदलतात किंवा पुढच्या हंगामात हॅचरीची जागाच बदलतात, अंडी दाटीवाटीने पुरत नाहीत, आणि भरतीरेषेच्या वरची जागा निवडतात.

शेतकऱ्याने हे वाचले तर त्याला ते ओळखीचे वाटेल, कारण हरभऱ्यासाठीची शिफारस याच विचारावर उभी आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी, मर लागलेल्या रानात किमान तीन वर्षे हरभरा घेऊ नये आणि त्याऐवजी गव्हासारखे पीक घ्यावे, रोगप्रतिकारक वाण निवडावे, आणि पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावे. प्रमाण सामान्यतः किलोला 5 ग्रॅम. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, जी फ्युझेरियमची जागा आणि अन्न बळकावते. उभ्या पिकात रोग दिसल्यावर फवारणीचा उपयोग जवळपास शून्य, कारण बुरशी तोवर नलिकांच्या आत पोहोचलेली असते.

तापमानवाढीचा परिणाम दोघांवर सारखाच होईल का?

मुळीच नाही. समुद्री कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे 29 अंश सेल्सिअसला नर आणि मादी साधारण सारखे निपजतात. वाळू याहून तापली की माद्या वाढतात, आणि फार तापली तर अंडीच मरतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या पिल्लांमध्ये 99 टक्के माद्या असल्याचे 2018 मध्ये नोंदवले गेले. बुरशीला लिंगाचा प्रश्नच नाही, आणि 25 ते 30 अंशांची ऊब तिला मानवते.

फ्युझेरियम समूळ नष्ट केली तर प्रश्न सुटणार नाही का?

ते शक्य नाही आणि इष्टही नाही. मातीतल्या बहुसंख्य फ्युझेरियम निरुपद्रवी असतात, मृत अवशेष कुजवून माती घडवतात, आणि ऑक्सिस्पोरमचेच काही निरुपद्रवी वाण मुळांवर आधी ठाण मांडून रोगकारक वाणाला अटकाव करतात. फ्युझेरियम व्हेनेनाटम या जातीपासून तर ब्रिटनमध्ये 1985 पासून प्रथिनयुक्त खाद्यपदार्थ विकला जातो. बुरशा स्वतःही संकटात असू शकतात : 2025 मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत मूल्यांकन झालेल्या बुरशांची संख्या 1,300 पर्यंत पोहोचली, आणि त्यांपैकी किमान 411 जातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे सांगितले गेले. मर आणणारी बुरशी त्या यादीत येण्याची शक्यता नाही, पण ‘बुरशी’ म्हणजे शत्रू, हे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनातून जायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

ही बुरशी माणसाला बाधते का?

क्वचित, पण डोळ्याच्या बाबतीत गांभीर्याने घ्यावे. कापणी-मळणीच्या वेळी काडी, कुसळ किंवा भुसा डोळ्यात जाऊन बुबुळाला ओरखडा पडला तर फ्युझेरियमची लागण होऊ शकते; भारतात बुरशीमुळे होणाऱ्या बुबुळाच्या जखमांचे ते एक प्रमुख कारण आहे. डोळा लाल होऊन दुखत राहिला, पाणी येऊ लागले, बुबुळावर पांढरट ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेले थेंब स्वतःहून आणून घालू नयेत. त्यांनी डोळ्याची लाली कमी होते आणि बुरशी मात्र आत पसरते.

आमच्या घरी आजीची कासवाच्या पाठीची जुनी फणी आहे. ती ठेवता किंवा विकता येईल का?

विकू नये, कोणाला भेटही देऊ नये, आणि ऑनलाइन जाहिरात तर कदापि करू नये. भारताच्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये समुद्री कासवे पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या अवयवांपासून बनलेल्या वस्तूंनाही कायदा लागू होतो. गुन्हा सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो. बऱ्याच जुन्या फण्या शिंगाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात, त्यामुळे आधी ती खरोखर कासवाच्या पाठीची आहे का याची खात्री करून घ्यावी, आणि तशी असल्यास वनविभागाच्या कार्यालयात जाऊन मालकीच्या कागदपत्रांविषयी विचारावे.

सुट्टीत कासवाची पिल्ले पाहायला कोकणात जायचे आहे. काय काळजी घ्यावी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्रात सोडली जातात. ही हॉक्सबिल नव्हेत. ऑलिव्ह रिडले आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. पिल्ले पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात, म्हणून मुक्कामाच्या तयारीने जावे आणि वेळ तेथल्या कार्यकर्त्यांना विचारून ठरवावी. दोरीच्या आत पाऊल टाकू नये. फ्लॅश आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवावा, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. पिल्लाला हातात घेण्याचा हट्ट मुलांनी धरला तरी तो पुरवू नये, आणि वाळूत कवचाचा तुकडा सापडला तर तो आठवण म्हणून घरी न आणता हॅचरीच्या कार्यकर्त्यांच्या हाती द्यावा.